वाळवलेली फाईल, भिजवलेली फ्लॉपी

जुन्या ऑफिसातले किस्से पडवीत विसरलेल्या छत्र्यांसारखे असतात. कुणी न्यायला येत नाही, टाकवतही नाहीत, आणि बघता बघता कोपरा भरतो. परवा रामनगरला एका लग्नात गावडेमामांची सून भेटली. तिचा पहिला प्रश्न, "ताई, ती फ्लॉपी खरंच भिजवली होती का हो?" मग पंगत वाढेपर्यंत मी सांगत बसले. निम्मे किस्से राहिले, कारण जिलबी आली. ते आता इथं सांगून मोकळी होते.

जोयड्यात आमची जंगलमालाची सोसायटी होती. आसपासच्या गावांतले लोक मध, शिकेकाई, कोकमाची सोलं आणायचे, आम्ही वजन करून घ्यायचो आणि पुढं पाठवायचो. ऑफिसात माणसं तीनच. सेक्रेटरी देसाईसाहेब, वजनकाट्यावर गावडेमामा, आणि नव्वदीच्या दशकाच्या मध्याला एका कॉम्प्युटरबरोबर आलेली मी.

बरोबर म्हणजे अगदी शब्दशः. कारवारच्या आमच्या हेड ऑफिसनं पत्रात लिहिलं होतं की मशीन वर्षभर वापरून बघावं, उपयोग दिसला नाही तर मशीन परत घेण्यात येईल आणि ऑपरेटरची जागा रद्द होईल. मशीनला परत जायला कारवार होतं. मला परत जायला रामनगरचं घर होतं, आणि घरी माझ्यासाठी स्थळं बघणं जोरात चालू होतं. बाबांनी सांगून ठेवलं होतं, "नोकरी हाय तवर कुणी काय बोलणार न्हाई." मला ती नोकरी हवी होती. दुसरं काही नको, ती हवी होती.

मशीन आलं ते उघडंबोडकं. पत्र लिहायचा एक प्रोग्राम आणि आकडेमोडीचा एक, संपलं. बाकी काही हवं तर विकत घ्या, आणि विकत घ्यायला हेड ऑफिस परवानगी देणार नाही. पण बेळगावला माझा मावसभाऊ प्रकाश कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. तो एक इंग्रजी मासिक मागवायचा आणि त्याला एक फ्लॉपी फुकट चिकटवलेली यायची. तिच्यात छोटे छोटे प्रोग्राम. कुणी जागा वाचवायचा, कुणी वेळ वाचवायचा, कुणी झालेली चूक निस्तरायचा. प्रकाशचं वापरून झालं की फ्लॉपी बसच्या कंडक्टरबरोबर माझ्याकडे यायची. माझी सगळी भिस्त त्या फुकटच्या फ्लॉप्यांवर होती.

*

पहिली फ्लॉपी आली तेव्हा देसाईसाहेबांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि माझ्याकडे परत दिली.

"बाई, फुकट वस्तू सोसायटीत घेता येत नाही. नियमात जागाच नाही."

मी म्हटलं, "साहेब, सगळ्यांनाच फुकट आहे. मासिकवाल्यांनीच वाटलंय."

"म्हणजे जास्तच अवघड."

साहेब वाईट माणूस नव्हते. फक्त नियमाबाहेरची हवासुद्धा ते जरा बिचकत आत घ्यायचे. शेवटी तोड गावडेमामांनी काढली. गावडेमामा मूळचे खानापूरकडचे, उभं आयुष्य काट्यावर गेलेलं. ते म्हणाले, "साहेब, मधाचा नमुना येतोय तो फुकटच असतोय की. नमुना म्हणून घ्या."

साहेबांचा चेहरा उजळला. नमुन्याला नियमात जागा होती. पण नमुना घ्यायचा तर वजन लिहावं लागतं. गावडेमामांनी लहान काटा पुसला, फ्लॉपी ठेवली, वजन सांगितलं. मी लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात तीच फ्लॉपी मी प्रकाशकडे पाठवून नवीन प्रोग्राम भरून आणली. नियमाप्रमाणे पुन्हा वजन झालं. गावडेमामांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, फ्लॉपी कानाजवळ नेऊन हलवली आणि खाली ठेवली.

"बाळ, तुला कुणीतरी फसवलंय. काय भरलेलं न्हाई ह्यात."

*

त्या फ्लॉपीवर फाईल दाबून लहान करणारा एक प्रोग्राम होता. आमचा तिमाही अहवाल एका फ्लॉपीत मावत नसे, म्हणून मी तो त्या प्रोग्राममधून काढला. चार हिश्श्यांची फाईल एका हिश्श्यावर आली. मी खूश होऊन गावडेमामांना दाखवलं.

गावडेमामा गंभीर झाले. "आणि उरलेला माल कुटं गेला?"

"कुठंही नाही मामा. दाबलाय फक्त."

"दाबून वजन कमी हुईत न्हाई. घट कशी दाखवणार तू?"

घट म्हणजे माल वाळल्यावर कमी भरणारं वजन. ओली शिकेकाई गोडाऊनात गेली की महिन्याभरात हलकी होते, आणि ती घट कागदावर बरोबर दाखवण्यात गावडेमामांची हयात गेली होती. मी पुन्हा समजावलं की पलीकडे गेल्यावर फाईल पुन्हा उघडायची, ती पहिल्याएवढीच होते, एक अक्षर कमी नाही. मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"असं सांग की मग. सोलं वाळवून धाडायची, तिकडं भिजवली की फुगत्यात."

इतकं बरोबर मला प्रकाशनंही समजावलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात फाईल 'वाळवायची' आणि 'भिजवायची' असेच शब्द रूढ झाले. साहेबसुद्धा तेच बोलायला लागले. अडचण एवढीच झाली की साहेबांनी हेड ऑफिसच्या पत्रातही तेच लिहिलं. 'सोबतच्या फ्लॉपीत वाळवलेली फाईल आहे. वापरण्यापूर्वी भिजवून घ्यावी, ही विनंती.'

काही दिवसांनी हेड ऑफिसातून फोन आला. मी जेवायला गेले होते, साहेब मीटिंगला. फोन गावडेमामांनी घेतला. पलीकडच्या क्लार्कनं विचारलं, किती वेळ भिजवायची? मामांना वाटलं, सोलांबद्दल विचारतोय. मामांनी मनापासून सांगितलं, "रातभर."

पुढच्या आठवड्यात टपालानं एक जाड पाकीट आलं. आत टीपकागदात गुंडाळलेली आमची फ्लॉपी, आणि तिच्यावर शेरा, 'फुगली नाही. दुसरी पाठवावी.'

*

हसू आलं खरं, पण ते फार टिकलं नाही. त्या शेऱ्याच्या खाली हेड ऑफिसनं आणखी एक ओळ लिहिली होती की जोयडा शाखेच्या कॉम्प्युटरच्या उपयोगाबाबत विचार करावा लागेल. ती ओळ माझ्यासाठी होती. मी ठरवलं की आता हेड ऑफिसला आपला उपयोग दिसलाच पाहिजे.

दुसऱ्या एका फ्लॉपीवर एक भारी प्रोग्राम सापडला. आपण एक छोटा शब्द ठरवून द्यायचा आणि त्याच्यापुढं आपल्याला हवं ते लांबलचक वाक्य. मग तो छोटा शब्द टाइप केला की मशीन आपोआप सगळं वाक्य लिहून टाकणार. साहेबांची इंग्रजी पत्रं म्हणजे मानपानाची रास. प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला, 'सर, विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन, आय बेग टू स्टेट'. हे मी रोज हातानं बडवायची. मी प्रोग्रामला सांगून ठेवलं की 'सर' टाइप झालं की हे सगळं तूच लिही.

गोडाऊनचं छप्पर गळत होतं. कौलांसाठी साहेब किती वर्षं हेड ऑफिसला लिहीत होते त्याचा हिशेब कुणाकडे नव्हता. त्यांनी आणखी एक पत्र सांगितलं, मी स्क्रीनकडे न बघता भराभर टाइप केलं, प्रिंटरनं करकर करत कागद बाहेर फेकला. साहेबांनी न वाचता सही केली. सही करताना पत्र वाचणं म्हणजे टायपिस्टवर अविश्वास, असं त्यांचं मत होतं.

आता साहेबांना प्रत्येक वाक्यात 'सर' घालायची सवय. 'छप्पर गळतंय सर, शिकेकाई भिजतेय सर, पावसाळा तोंडावर आलाय सर.' अर्ध्या पानाचं पत्र पुरतं चार पानांचं झालं होतं, आणि प्रत्येक कौलामागे साहेब नव्यानं आदर व्यक्त करून, नव्यानं हात जोडून विनंती करत होते. माझ्या लक्षात आलं तोवर टपाल गेलं होतं. मी रात्रीचं जेवण केलं नाही.

पंधरवड्यात कौलांचा ट्रक दारात उभा. सोबत वरिष्ठांचं पत्र, की आपल्या शाखेची भाषा अलीकडे अत्यंत समाधानकारक आहे.

साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग मला आत बोलावून म्हणाले, "बाई, हेड ऑफिसला आता एक मॅडम येणार म्हणतात. 'मॅडम'चंही करून ठेवा."

*

त्या फ्लॉप्यांमधले सगळेच प्रोग्राम कायमचे फुकट नसायचे. काही फक्त महिनाभर वापरून बघायला. त्यानंतर रोज मशीन सुरू केलं की स्क्रीनभर इंग्रजीत सूचना यायची की तुमचा परीक्षेचा काळ संपला आहे, पुढं चालू ठेवायचं तर आम्हाला कळवा. प्रोग्राम मात्र चालायचा. सूचना आली की एक बटण दाबलं, झालं. मला हे माहीत होतं. साहेबांना नव्हतं.

एका सकाळी माझी रामनगरची बस उशिरा आली. साहेबांनी स्वतःच मशीन सुरू केलं. मी पोचले तेव्हा ते माझी वाट बघत होते. त्यांनी मला समोर बसायला सांगितलं, जे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं, आणि गावडेमामांना चहा आणायला सांगितला, तेही कधी सांगितलं नव्हतं.

"बाई, मी काही करू शकत नाही. वरून आलंय."

"काय आलंय साहेब?"

"तुमचा परीक्षेचा काळ संपला. मशीननंच कळवलंय. इंग्रजीत आहे."

घरातली स्थळं डोळ्यांपुढून रांगेनं गेली. त्यात एक पाटील होता, त्याचा ट्रॅक्टर होता आणि त्याला त्या ट्रॅक्टरशिवाय दुसऱ्या कशावर बोलता येत नव्हतं. मी रडायला लागले. गावडेमामा चहा घेऊन आले ते माझं रडणं बघून दारातच थांबले, आणि चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला. बऱ्याच वेळानं मी स्क्रीनकडे बघितलं.

मी डोळे पुसत सांगितलं की ही सूचना माझ्याबद्दल नाही, प्रोग्रामबद्दल आहे. साहेबांना ते पटलं, पण अर्धवट. ते म्हणाले, "कुणाबद्दल का असेना, नोटीस ती नोटीस. उत्तर द्यायला पाहिजे." आणि त्यांनी तिथल्या तिथं मुदतवाढीचा अर्ज सांगितला. आदर, विनंती, सगळं रीतसर. मी टाइप केला. पाठवायचा कुठं, असं विचारल्यावर साहेबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"त्याच्यातच टाइप केलाय ना? मग त्याला पोचलाच."

दुसऱ्या दिवशी सूचना पुन्हा आली, मी बटण दाबलं, प्रोग्राम चालू झाला. मागे उभे असलेले साहेब समाधानानं म्हणाले, "बघा. मुदतवाढ मिळाली."

*

एकदा साहेबांच्या हातून एक फाईल पुसली गेली. फ्लॉपीवर पुसलेली फाईल परत आणायचाही प्रोग्राम होता. त्याची एक गंमत असायची. फाईल पुसली गेली की तिच्या नावाचं पहिलं अक्षर नाहीसं व्हायचं, बाकीचं राहायचं. त्यामुळे प्रोग्राम आधी विचारायचा की पहिलं अक्षर कोणतं होतं? ते सांगितलं की फाईल हजर.

साहेबांची फाईल आली. काट्यावर बसलेल्या गावडेमामांनी हे बघितलं, आणि मध घेऊन आलेल्या लोकांना सांगितलं. त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण दोन दिवसांनी अणशीचा एक गृहस्थ घामाघूम होऊन आला आणि थेट माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"म्हस हरवलीया."

मी गावडेमामांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

मी म्हटलं, "अहो दादा, हे तसल्यासाठी नसतंय. ह्याच्यात हरवलेलं असेल तेवढंच मिळतं."

"जंगलातच हरवलीया, लांब न्हाई." तो खाली बसला. "गावडेमामा बोलले, पयलं अक्षर सांगितलं की बाकीचं मशीन बगतंय. च."

"काय च?"

"चंद्री. म्हशीचं नाव."

साहेबांनी आतून खूण केली, करा काहीतरी, गर्दी नको. मी 'च' दाबला. मशीननं 'पिंक' असा आवाज काढला. गृहस्थ उठला, हात जोडले आणि गेला.

चंद्री त्याच्या आधी घरी पोचली होती, गोठ्यात आपल्या जागेवर उभी. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो भलामोठा भोपळा घेऊन आला आणि मशीनच्या शेजारी ठेवून गेला. मी साहेबांना विचारलं, हे कसं घ्यायचं?

साहेबांनी भोपळ्याकडे बघून नियम आठवला. "नमुना म्हणून घ्या."

*

आता शेवटच्या फ्लॉपीकडे येते.

आमच्या तालुक्यात धरण, धरणावर वीज तयार होणार, आणि आमच्याकडे लाईट दिवसातून केव्हाही जाणार. लाईट गेली की टाइप केलेलं सगळं गेलं. त्यासाठी प्रकाशनं एक फुकटचा प्रोग्राम पाठवला, जो दर पंधरा मिनिटांनी काम साठवायची आठवण करायचा. तोंडानं बोलायचा म्हणे. पण आमच्या मशीनला आवाजाची सोय नव्हती, आत नुसता एक 'पिंक' असा वाजणारा स्पीकर. प्रकाशनं आणखी एक जुगाडाचा प्रोग्राम दिला आणि तो स्पीकर घोगऱ्या आवाजात बोलायला लागला. इंग्रजी वाक्य होतं, 'हाय, तुमचं काम साठवून ठेवा.' त्यातलं पहिलं 'हाय' तेवढं ठणठणीत ऐकू यायचं. पुढचं सगळं त्याच्या घशातच राहायचं.

आता इंग्रजीत हाय म्हणजे काय ते मला आणि प्रकाशला ठाऊक. पण आमच्याकडे हाय म्हणजे आहे. दिवसभर बाकावर बसलेल्या माणसांच्या मध्येच हे मशीन अचानक म्हणायचं, "हाय."

पहिल्यांदा अडकले साहेब. त्यांना कुणा सभासदाला टाळायचं असलं की ते कपाटामागे उभे राहायचे आणि गावडेमामा सांगायचे की साहेब न्हाईत. असाच एक तावातावानं आलेला माणूस विचारत होता, "देसाईसाहेब न्हाईत? नक्की?"

"नक्की न्हाईत," गावडेमामा म्हणाले.

मशीन म्हणालं, "हाय."

माणसानं मशीनकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि सरळ कपाटामागे गेला. त्यानंतर साहेबांनी लपणं सोडून दिलं. त्यांचं म्हणणं, सरकारी कामात इतका खरेपणा बरा नाही.

लोकांना मात्र मशीनची सवय लागली. आज बस हाय का, उद्या बाजार हाय का, सगळं त्याला विचारायचे आणि चहा पीत उत्तराची वाट बघायचे. ते कधी न्हाई म्हणायचं नाही, म्हणून सगळ्यांचं आवडतं.

सगळ्यात जास्त गट्टी भागीआत्याची. भागीआत्या दिग्गीची, एकटीच राहायची. मध घेऊन सकाळच्या गाडीनं यायची आणि परतीची गाडी संध्याकाळी, म्हणून अख्खा दिवस आमच्या बाकावर. तिची एकुलती लेक लग्न होऊन गोव्याकडं गेली होती आणि बरेच दिवस तिचा निरोप नव्हता. आत्या पान लावायची आणि मशीनला हळूच विचारायची, "माजी शांती बरी हाय न्हवं गे?" मग पान चघळत बसायची. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळानं मशीन म्हणायचं, "हाय." आत्या मान हलवायची आणि पदरानं तोंड पुसायची.

एकदा ती विचारून बसली आणि लाईट गेली. ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मला बघवेना. मी टेबलामागं वाकून, आवाज घोगरा करून म्हटलं, "हाय." आत्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त निघताना माझ्या टेबलावर दोन विड्याची पानं ठेवून गेली. त्याआधी तिनं मला कधी पान दिलं नव्हतं.

*

वर्ष भरलं. हेड ऑफिसनं एक इन्स्पेक्शन साहेब पाठवला. मशीन ठेवायचं की न्यायचं ते तो बघून ठरवणार होता. न्यायला लागलं तर म्हणून जीपमध्ये एक मोकळं खोकंही आणलं होतं. ते खोकं मी खिडकीतून बघितलं आणि मशीन त्यात मावेल का ते डोळ्यांनीच मोजलं.

सकाळपासून आमची तयारी. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, गावडेमामांनी काटा लखलखीत पुसलेला. मी वर्षभराचे अहवाल वाळवून, भिजवून, पुन्हा वाळवून तयार ठेवले होते. बाकावर चार माणसं मध घेऊन बसलेली, त्यांत भागीआत्या.

इन्स्पेक्शन साहेब आला, खुर्चीत बसला, म्हणाला, "दाखवा."

मी बटण दाबलं. लाईट गेली.

आम्ही थांबलो. चहा झाला. पुन्हा थांबलो. देसाईसाहेबांनी कौलांची गोष्ट सांगितली, ती संपली. लाईट आली नाही. इन्स्पेक्शन साहेब बंद स्क्रीनमध्ये स्वतःचाच चेहरा बघत बसला होता. मग त्यानं फाईल उघडली आणि त्यातला भिजलेल्या फ्लॉपीचा कागद वर आला.

"ही तुमची फाईल?"

देसाईसाहेब म्हणाले, "सर, विथ ड्यू रिस्पेक्ट," आणि त्यांना पुढचं आठवेना. एवढं सगळं वर्षभर मशीनच लिहीत होतं.

मी बोलायचा प्रयत्न केला. फाईल लहान करण्याचं सांगितलं, पत्रांचं सांगितलं, पुसलेलं परत आणण्याचं सांगितलं. सांगताना मलाच ते सगळं पोकळ वाटायला लागलं. समोर एक बंद खोकं आणि त्याच्याबद्दल बडबडणारी मी. साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि ड्रायव्हरला हाक मारली की खोकं आत आण.

मग काय वाटलं त्याला कोण जाणे. तो मूळचा खानापूरकडचा होता म्हणे. कागदावर पेन टेकवायच्या आधी तो बाकाकडं वळला आणि गावाकडच्या बोलीत म्हणाला, "तुमीच सांगा बगू. हे मशीन इतं ठेवायची काय गरज हाय का?"

बाकावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. साहेबाला उत्तर कसं द्यायचं, कुणी द्यायचं? देसाईसाहेबांनी डोळे मिटले. मी टेबलाची कड धरून उभी होते. भागीआत्या पान चघळत होती.

आणि त्या शांततेत एक घोगरा, घशातला आवाज आला.

"हाय."

साहेबाचं पेन थांबलं. "कोण बोललं?"

कुणी हललं नाही. भागीआत्या खिडकीबाहेर बघत होती.

गावडेमामा काट्यावरून उठून उभे राहिले. "मशीन बोललं साहेब. त्याला सवय हाय."

साहेबानं वर पंख्याकडं बघितलं. पंखा बंद होता. मग त्यानं काळ्या स्क्रीनकडं बघितलं, मग पुन्हा पंख्याकडं.

"करंट न्हाई की."

"न्हाई साहेब," गावडेमामा म्हणाले. "करंट नसला की तेवढंच बोलूलालंय."

दारात ड्रायव्हर खोकं घेऊन उभा होता. साहेबानं पेनाचं टोपण लावलं, फाईल मिटली आणि त्याला हातानंच मागं जायची खूण केली.

"हाय म्हणतंय तर असू दे."